‘माहीत नाही’चा रकाना

“अकराव्या प्रश्नाचं काय लिहू?”

शेजारीण आली ती हातात दोन कागद आणि पेन घेऊनच. चपला दाराबाहेर काढता काढता तिने हे विचारलं, आणि मग आत येऊन म्हणाली, “तू दातांची डॉक्टर होतीस ना?”

होतीस. भूतकाळ बरोबरच होता. सांगलीतला दवाखाना बंद करून मी हाँगकाँगला आले त्याला नऊ वर्षं झाली. भारतातली पदवी इथे थेट चालत नाही, परवान्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. ती मी आधी लेकीच्या निमित्ताने दिली नाही आणि नंतर निव्वळ आळसाने. पण दातांचा डॉक्टर दवाखाना सोडला तरी लोकांच्या तोंडात बघायचं सोडत नाही. शेजारणीचा साडेचार वर्षांचा मुलगा मला रोज लिफ्टमध्ये भेटतो. त्याचे वरचे पुढचे दोन दात हिरडीजवळ तपकिरी झालेत आणि खालच्या डाव्या दाढेला भोक पडलंय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्याच्या आईला काही बोलले नव्हते. कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी इथे येऊन शिकले.

कागद बालवाडीतून आला होता. मुलांच्या दातांची पाहणी चालली होती आणि पालकांनी भरून द्यायचा तक्ता सोबत होता. बारा प्रश्नांपुढे खुणा झाल्या होत्या. अकरावा कोरा.

माझं चिनी वाचन म्हणजे लेकीच्या शाळेच्या सूचना वाचून जमलेलं, अडखळतं. हा कागद मात्र मी अक्षरांवरून नाही, बांध्यावरून ओळखला. तेरा प्रश्न, पहिले नऊ मुलाविषयी, पुढचे चार घरच्यांविषयी, प्रत्येकापुढे सहा चौकोन. अर्ली चाइल्डहूड ओरल हेल्थ इम्पॅक्ट स्केल. आमच्या धंद्यात ‘इकोहिस’. दातांच्या दुखण्याचा लहान मुलावर आणि घरच्यांवर काय परिणाम होतो, ते मोजायची प्रश्नावली.

आमच्या पिढीला शिकवलं ते दात मोजायला. किडलेले किती, किडीपायी काढलेले किती, भरलेले किती, त्यांची बेरीज. दुधाचे दात एकूण वीस, त्यातले सहा, आठ, अकरा. शाळांच्या शिबिरांत मी शेकडो मुलांच्या अशा बेरजा केल्या आहेत. एक जण बॅटरी धरायचा, मी आकडे सांगायचे, तिसरी लिहायची. एका मुलाला दीड मिनिट. त्या मुलाला रात्री झोप लागते का, शेंगदाणा चावता येतो का, याला तक्त्यात जागाच नव्हती. म्हणून आम्ही विचारलं नाही. खरं तर जागा असती तरी विचारलं असतं की नाही, कोण जाणे.

हे असले प्रश्न विचारायचा उद्योग टोरांटोतल्या संशोधकांनी मनावर घेतला. दातांच्या दुखण्याने मुलाच्या आणि घराच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे विचारणाऱ्या लांबलचक प्रश्नावल्या त्यांनी तयार केल्या, पण त्या शाळकरी मुलांसाठी. पाच वर्षांपर्यंतच्यांसाठी त्यातलेच प्रश्न चाळून-पाखडून नॉर्थ कॅरोलायनात तेरांची ही छोटी प्रश्नावली झाली आणि २००७ साली प्रसिद्ध झाली. लेखकांत पहिलं नाव भावना तळेकर पहेल. ते मधलं आडनाव इंग्रजीत वाचताना माझ्या डोळ्यांनी परस्पर ‘तळेकर’ करून टाकलं आणि उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. (ते तसंच उच्चारतात की नाही देव जाणे.) मग २००९ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागातल्या मंडळींनी तिची चिनी आवृत्ती करून, इथल्या पालकांवर तपासून प्रसिद्ध केली. साय यिंग पुनच्या चढावर त्यांचं प्रिन्स फिलिप डेंटल हॉस्पिटल आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी ट्राममधून त्याच्या आसपास उतरायचे आणि इमारतीकडे बघून पुढे जायचे.

इथे ती हवीच होती. हाँगकाँगच्या नळाच्या पाण्यात १९६१ पासून फ्लोराइड आहे, प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी सरकारी दंतसेवा १९८० पासून आहे. आणि तरी २०११ च्या सरकारी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांहून किंचित जास्त मुलांचे दात किडलेले निघाले, तेही बहुतेक भरलेले नव्हे, तसेच सोडलेले. मुख्यभूमी चीनमध्ये २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत हाच आकडा सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. शाळेतली सेवा पहिलीपासून. कीड मात्र पहिलीपर्यंत थांबत नाही. त्यात घरोघरचं ते वाक्य, जे मी सांगलीत मराठीतून ऐकलं आणि इथे कँटनीजमधून ऐकते: दुधाचेच आहेत, पडणारच आहेत.

शेजारणीने चहाला हो म्हटलं. मी आधण ठेवलं आणि पहिल्या प्रश्नापासून वाचू लागले.

प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत न्यायची रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, दोन्ही ताडून एक करायचं, मग मूळ कागद ज्याने पाहिलेलाच नाही अशा माणसाकडून ते उलटं इंग्रजीत आणायचं आणि मुळाशी जुळतंय का बघायचं. जाणकारांनी बसून काथ्याकूट करायचा, काही पालकांना भरायला द्यायचा, अडखळले तिथे विचारायचं. मग आकडेमोड: तेच पालक पंधरवड्याने तेच उत्तर देतात का, ज्या मुलांचे दात जास्त किडले त्यांचे गुणही जास्त येतात का.

यातल्या उलट्या भाषांतरावर लोकांचा जरा जास्तच विश्वास आहे, असं माझं मत. ‘आपल्या पाल्यास मौखिक वेदना जाणवल्या आहेत काय?’ हे वाक्य उलटं इंग्रजीत नेऊन बघा. झकास जुळेल. आणि माझ्या दवाखान्यात कुपवाडहून आलेल्या एकाही आईने त्याला उत्तर दिलं नसतं. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली असती. कागद दोन्ही बाजूंनी प्रवास करून धडधाकट परत येतो, फक्त आईपर्यंत पोचत नाही. ‘पाल्य’ हा शब्द मी फॉर्मच्या बाहेर कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. दुपारी ‘अहो, माझ्या पाल्याने जेवण केलं का?’ असं कोण विचारतं?

चिनीत हे दुखणं आपल्याहून थोरलं आहे. हाँगकाँगची माणसं बोलतात कँटनीज आणि लिहितात ती प्रमाण चिनी. साधा ‘नाही’देखील बोलताना वेगळा आणि लिहिताना वेगळा. शाळेच्या पत्रात मूल ‘आपले सन्माननीय अपत्य’ होऊन येतं, म्हणजे त्यांचं ‘पाल्य’च. छापील प्रश्न कुणी मोठ्याने वाचून दाखवला तर तो बातम्या दिल्यासारखा वाटतो, आणि बातम्यांना कोण उत्तर देतं! शिवाय चिनी वाचणारे सगळे काही एका लिपीचे नाहीत. हाँगकाँग-तैवानकडे जुनी भरगच्च अक्षरं, मुख्यभूमीवर आणि सिंगापूरला सोपी केलेली. ‘दात’ या अर्थाच्या जुन्या अक्षरात उघड्या तोंडात चार दात काढलेले दिसतात, दोन वर आणि दोन खाली. सोप्या अक्षरात एकच उरलाय. बाकीचे तीन सुधारणेत पडले, असं मी शेजारणीला म्हटलं तेव्हा ती हसली. हसताना हात तोंडावर गेला. त्या हाताकडे मी पुढे येणार आहे.

बहुतेक प्रश्नांना एक शेपूट आहे: ‘दातांच्या तक्रारींमुळे किंवा दातांच्या उपचारांमुळे’. इंग्रजीत ते मागे लोंबतं. चिनीत, मराठीत कारण पुढे येतं, मग बाकीचं. म्हणजे आई दर वेळी ‘तक्रार’ हा शब्द ओलांडूनच प्रश्नाच्या दारात येते. आणि तक्रार म्हणजे काय हे कुठे ठरलंय? शेजारणीने पहिल्या प्रश्नापुढे, दुखण्याच्या, ‘कधीच नाही’ अशी खूण केली होती. मी म्हटलं, “अगं, पण त्याची दाढ...” ती म्हणाली, “हो, पण तक्रार काही नाही. नुसती जू-ङा आहे.”

मला सांगलीतल्या बाकावर बसल्यासारखं झालं. ‘तसा काही त्रास नाही हो डॉक्टर, नुसती कीड आहे.’

‘ङा’ म्हणजे दात. ‘जू’ म्हणजे किड्याने पोखरणं, लाकूड पोखरतात, कापड पोखरतात तसं. इंग्रजाचा दात सडतो. चिनी माणसाचा आणि आपला दात किडतो, त्याला कुणीतरी खातं. शांग काळातल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवरच्या लेखांत दातांच्या वर अळीसारखा जीव काढलेली एक खूण आहे, तिचा अर्थ किडलेला दात असाच लावतात. आणि माझ्याकडे एक आजोबा बाजारातल्या कुणाकडून दाढेतली कीड काढून घेऊन, त्या पांढऱ्या अळ्या कागदाच्या पुडीत बांधून मला दाखवायला आले होते. “बघा, निघाली. पण दाढ अजून ठणकतीय.” मी हसले नव्हते, एवढं आठवतं. बाहेरून आलेल्या किड्याचं हे चित्र डोक्यात असलं की साखर, रात्रीची दुधाची बाटली, ब्रश यांच्याशी किडीचं नातं लावणं अवघड जातं. आणि कीड लागली तरी ती निमूट असेल, ठणकत नसेल, तर ती ‘तक्रार’ होत नाही. पाहुणी असते.

दुसरा प्रश्न गरम किंवा थंड पिताना त्रास होतो का याचा. डॉक्टरच्या मनात इथे दाताची मज्जातंतू आणि तापमान असतं. इथल्या आईच्या मनात ‘यीत-हेई’ असतं, म्हणजे शब्दशः गरम हवा. तळलेलं खाल्लं, लिची जास्त झाली, जागरण झालं की अंगात ही हवा चढते: हिरडी सुजते, तोंडात फोड येतात, घसा धरतो. मग कडू, काळी ‘लेउंग-छा’, म्हणजे थंड चहा, प्यायची. हा थंड चहा पेल्यातून वाफ येईल इतका गरमही असू शकतो. थंडपणा त्याच्या गुणात असतो, पेल्यात नसतो. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझी आई पपई उष्ण म्हणते, सब्जा थंड म्हणते, आणि माझं तोंड आलं की ‘उष्णता झालीय, गुलकंद खा’ म्हणते. पाच वर्षं दंतवैद्यक शिकून आलेल्या लेकीलाही तेच.

त्यामुळे ‘गरम-थंड’ लिहून भागत नाही. तापमानाचं बोलतोय हे कळेल असं लिहावं लागतं. आणि तरी एक फट राहतेच. या घरांतून लहान मुलाला थंड पाणी मुळात देतच नाहीत. कोमट पाणी, थर्मासमधलं, बारा महिने. ज्याने थंड कधी प्यायलंच नाही त्याला थंडाचा त्रास ‘कधीच नाही’. खूण बरोबर जागी पडते, आणि काहीच सांगत नाही.

तोंडावर गेलेल्या हाताकडे आता येते. आठवा प्रश्न: मुलाने हसायचं टाळलं का? नववा: बोलायचं टाळलं का? मूळ कल्पना साधी आहे, दात काळे दिसतात म्हणून मूल तोंड मिटून घेतं, लाजतं. पण चिनीत मुलींना द्यायची एक जुनी शिकवण आहे: हसावं, पण दात दिसू नयेत. आपल्याकडे ती अशी सुबक चार शब्दांत नाही, पण आहे. ‘दात काढू नकोस.’ ‘काय फिदीफिदी हसतेस?’ ‘दात विचकू नकोस चारचौघांत.’ मला आजीने यातलं सगळं ऐकवलंय, आणि माझे दात तर चांगले होते! आपल्या भाषेत हसण्याच्या गुन्ह्याचं नावच ‘दात काढणं’ आहे. तिथे आठव्या प्रश्नाचं उत्तर आई कोणत्या खात्यावर टाकणार, किडीच्या की संस्काराच्या? शेजारणीच्या घरी मुलगाच आहे, त्यामुळे तिने झटक्यात ‘कधीच नाही’ केलं. तिला मुलगी असती तर थांबली असती का, हे मी विचारलं नाही.

बोलायचं टाळण्याचं त्याहून अवघड. न बोलणाऱ्या मुलाला इथे ‘ग्वाय’ म्हणतात; आपलं ‘गुणी बाळ’, ‘शहाणं माझं’. लिफ्टमध्ये गप्प उभं राहणारं मूल पाहून लोक आईचं कौतुक करतात. किडक्या दातांमुळे मूल गप्प झालं, तर घरात आधी ते शहाणं झाल्याचा आनंद होईल.

चौकोनांविषयीही थोडं सांगायला हवं, कारण माझ्या मते भाषांतराची खरी कसोटी तिथे लागते आणि तिथेच लोक घाई करतात. ‘कधीच नाही’ला शून्य, मग एक, दोन, तीन, ‘फार वेळा’ला चार. तेरा प्रश्नांचे जास्तीत जास्त बावन्न. दोन टोकं कुठल्याही भाषेत सापडतात. मधल्या पायऱ्यांवर पाय सटकतो. शेजारणीने बोट ठेवून विचारलं होतं, या दोनांतलं जास्त कुठलं? एक ‘फार कमी वेळा’, दुसरं ‘कधीमधी’ अशा अर्थाचं. मलाही ठामपणे सांगता येईना. मराठीत करून बघा: क्वचित, एखाद्या वेळेस, कधीमधी, अधूनमधून, कधीकधी, बऱ्याचदा, येता-जाता. ‘क्वचित’ घरात कुणी बोलत नाही. आणि ‘कधीकधी’ तर रबरासारखं आहे. ‘कधीकधी दुखतं’ म्हणणाऱ्या बाईची दाढ वर्षातून दोनदा दुखत असेल किंवा रोज रात्री. ते किती लांबवायचं हे तिच्या सोसण्याच्या सवयीवर. आणि किती महिन्यांतलं विचारताय, तर मुलाच्या आजवरच्या सगळ्या आयुष्यातलं. साडेचार वर्षांतलं ‘कधीकधी’.

सहावा चौकोन ‘माहीत नाही’चा. त्याला गुण नाहीत. मूळ पद्धतीत मुलाच्या भागातली दोनपर्यंत आणि घरच्या भागातलं एक अशी उत्तरं नसली तर बाकीच्यांच्या सरासरीने ती भरून काढतात. त्याहून जास्त मोकळी असतील तर तो कागद हिशेबात धरत नाहीत. माझ्या दवाखानी बुद्धीला हे ठीकच वाटलं होतं. पण त्या दुपारी शेजारणीच्या कागदावर मी नीट पाहिलं आणि लक्षात आलं, तिने ‘माहीत नाही’ कुठेच लिहिलेलं नाही. आईने आपल्या मुलाविषयी ‘माहीत नाही’ कसं लिहावं? बालवाडीत जाणार हा कागद. बाई वाचणार.

म्हणून तिने जिथे माहीत नव्हतं तिथे ‘कधीच नाही’ लिहिलं होतं.

ती बँकेत आहे. सकाळी साडेसातला निघते, रात्री आठला येते. नवरा त्याहून उशिरा. मुलाला सांभाळते ती ‘जे-जे’. कँटनीजमध्ये जे-जे म्हणजे थोरली बहीण, ताई. पण हाँगकाँगच्या घरांत जे-जे म्हणजे घरी राहून काम करणारी बाई, बहुतेक वेळा फिलिपिनो नाहीतर इंडोनेशियन. ही जावाची आहे. मुलगा झोपतो तिच्या खोलीत. शनिवार-रविवारी मा-मा येते, म्हणजे वडिलांची आई (माझी लेक पहिल्यांदा हे ऐकून ‘मामा बाई कसा?’ म्हणून खूप गोंधळली होती), आणि येताना बिस्किटं, वाळवलेले आंबे, दह्यासारख्या गोड पेयाच्या इवल्या बाटल्या आणते. सांगलीत काय वेगळं होतं? मुलाला दवाखान्यात आणायची आई, आणि मी काही विचारलं की ती दाराकडे बघायची, जिथे आजी चपलांपाशी बसलेली असायची. “तो कोणत्या बाजूने जेवतो ते त्याच्या आजीलाच माहीत.” मी आजीला आत बोलवायचे नाही. खुर्चीजवळ गर्दी नको म्हणून.

प्रश्नावलीच्या पहिल्या ओळीत ‘पालक’ शब्द आहे. त्याचं भाषांतर अगदी बरोबर झालेलं आहे. चूक शोधून सापडणार नाही.

लंडनमध्ये २०१२ साली यावर दुसरी वाट काढली गेली. पाच वर्षांच्या मुलालाच विचारायचं, सात सोपे प्रश्न, आणि उत्तरासाठी तीन चेहरे: त्रास नाही, थोडा, खूप. ती सोहो-५. मी लेक पाच वर्षांची असताना हौसेने तिला त्यातलं एक विचारून पाहिलं होतं, दात दुखतो म्हणून खायला त्रास होतो का. तिने तिन्ही चेहरे पाहिले आणि रडक्या चेहऱ्याला पेन्सिलने मिशा काढल्या. मग म्हणाली, “हा बाबा.”

चहा गाळला. अकराव्या प्रश्नाला टाळून आता पुढे जाता येईना.

प्रश्न असा: मुलाच्या दातांच्या तक्रारींमुळे तुम्हाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला अपराधी वाटलं का, किती वेळा? चिनीत अपराधीपणासाठी जो शब्द तिने मला म्हणून दाखवला तो ‘नोई-गाउ’. ‘नोई’ म्हणजे आत. ‘गाउ’च्या अक्षराला आजाराची खूण आहे आणि पोटात ‘दीर्घ काळ’ असं अक्षर. आतलं जुनं दुखणं. मी तिला म्हटलं, याहून चांगला शब्द डॉक्टरलाही सुचला नसता. ती म्हणाली, “तुमच्या भाषेत?”

‘अपराधी वाटणं’ मी सांगितलं आणि सांगतानाच ते कोर्टातलं वाटलं. खुनानंतर वाटतं ते. दातासाठी आपण म्हणतो चुटपुट. मनाला लागून राहणं. रुखरुख. टोचणी. खंत जरा मोठी, ती माणूस गेल्यावर. ‘माझंच चुकलं’ हे वाक्य तर बायका इतक्या सहज बोलतात, की त्याला शून्य द्यायचं की चार हे ठरवणं कठीण. कुणी मला हा कागद मराठीत करायला दिला तर अकराव्यापाशी मी चुटपुट लिहीन, आणि जाणकारांची समिती तो शब्द फारच घरगुती म्हणून कापेल, याची मला खात्री आहे.

पण मी हे सगळं तिला सांगत होते ते खरं म्हणजे वेळ काढायला. मी दवाखान्यात हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. मी त्याचं उत्तर आयांना परस्पर देऊन टाकायचे. मुलाच्या तोंडात आरसा घातला, वरचे चारही पुढचे दात गेलेले दिसले, की मान वर न करता मी म्हणायचे, “रात्री बाटली तोंडात देऊन झोपवता ना?” आई गप्प. “किती चॉकलेटं खातो?” आई गप्प. मला वाटायचं, मी समज देतेय. एक बाई तर पुढच्या वेळेला आलीच नाही, मुलाला नवऱ्याबरोबर पाठवलं. त्या मुलाच्या पुढच्या तपासणीत दोन किडक्या दाढा आणखी वाढल्या होत्या. मी त्या मोजल्या आणि बेरीज दुरुस्त केली.

“मी ‘कधीच नाही’ लिहिलं तर वाईट दिसेल का?” शेजारीण म्हणाली. “आणि ‘फार वेळा’ लिहिलं तर म्हणतील, मग नेलं का नाहीस डॉक्टरकडे.”

“लिहून झाल्यावर बालवाडीतली बाई बघते?”

“पाकिटात घालून चिकटवून द्यायचंय. पण देतं कोण? जे-जे.”

तेवढ्यात जे-जेच मुलाला घेऊन दारात आली. बागेतून परत येत होती, बाईच्या चपला आमच्या दारात दिसल्या म्हणून थांबली. मुलगा लेकीच्या खोलीत पळाला. शेजारणीने कागद उलटा ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा सरळ केला आणि सहावा प्रश्न जे-जेला कँटनीजमध्ये, बोलायच्या भाषेत, विचारला: हा रात्री दातामुळे कधी उठलाय का?

जे-जेने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, डाव्या कुशीवर वळला की उठतो. आठवड्यातून दोनदा, तीनदा. ती त्याला उजवीकडे वळवते आणि गालाखाली हात ठेवते, मग झोपतो.

शेजारणीच्या कागदावर तिथे ‘कधीच नाही’ होतं. तिने त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि चौकोन मोजत उजवीकडे सरकली. मी कप घेऊन आत गेले. कपबशा धुवायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ लावला. बाहेर आले तेव्हा अकराव्यापुढे खूण झालेली होती. कुठली ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

ती अजून जे-जेलाच विचारत होती. आता कागदावर नसलेलं.

“आणि जेवताना कोणत्या बाजूने चावतो?”

“उजव्या,” जे-जे म्हणाली. “नव्या वर्षापासून.”

हाँगकाँगला नवं वर्ष म्हणजे चिनी नवं वर्ष, जानेवारीअखेरीला नाहीतर फेब्रुवारीत. आम्ही बसलो होतो तो ऑगस्ट होता.